खरा वेग भरला की कॅल्क्युलेटर चुकतो, खोटा भरला की बरोबर येतो!

माळावरचा_वारा

राम राम मंडळी. डोकं पार आउट झालंय म्हणून धागा काढतोय. क्रीडा विभागात टाकू की तंत्रज्ञानात ते कळेना. संपादकांनी हलवला तरी चालेल.

मी करवीर तालुक्यातला, नोकरी कोल्हापुरात. .२२ ची बोल्ट ॲक्शन रायफल घेऊन चार वर्षं झाली, लायसन्ससकट सगळं क्लबमार्फत रीतसर. सुरुवातीला पीप साइटवर (बारीक भोकातून नेम धरायची, भिंग नसलेली) ५० मीटर मारलं. आता हौसेनं टेलिस्कोप चढवलाय. झिरो ५० मीटरला आहे, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथंच गोळी लागते. १०० मीटरची सोय असलेली रेंज गाडीनं चार तासांवर आहे, तिथं महिन्यातून एकदा जाणं होतं.

मोबाइलवर एक बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर (कुठल्या अंतरावर गोळी कुठं लागेल ते सांगणारं ॲप) घेतलाय. त्यात भरलं ते असं: गोळी ४० ग्रेन (वजन), बीसी (गोळी हवा किती सहज कापते तो आकडा) ०.१३५ जी-वन (तो आकडा मोजायचं एक माप), वेग ३२७ मीटर प्रति सेकंद (डबीवर छापलाय तो), झिरो ५० मीटर, गावाची उंची ५५० मीटर, हवेचा दाब १०१० (मोबाइलवर दिसतो तो), तापमान २०. बाकी जे आधीपासून होतं ते तसंच ठेवलं.

उत्तर आलं, १०० मीटरला गोळी साडेतेवीस सेंटीमीटर खाली पडेल. दहा राउंड मारले. ग्रुपचा, म्हणजे भोकांच्या पुंजक्याचा, मध्य पट्टीनं मोजला, साडेतेवीस! त्या दिवशी घरी येताना मी स्वतःला शास्त्रज्ञ समजत होतो.

मग मित्रानं क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) दिला. वीस राउंड मारले, सरासरी निघाली ३१२. डबीपेक्षा चक्क १५ नं कमी. म्हटलं खरा आकडा मिळाला, तो भरू. भरला, तर आता कॅल्क्युलेटर म्हणतोय २६ सेंटीमीटर खाली. परत चार तास गाडी मारून गेलो, परत दहा राउंड. गोळ्या कुठं? साडेतेवीसलाच!

म्हणजे खोटा वेग दिला की उत्तर बरोबर, खरा दिला की चूक. ॲप भंगार आहे, क्रोनोग्राफ खोटा आहे की मी येडा आहे?

गुळाची_ढेप

पहिला! विषय हार्ड आहे. कळलं काहीच नाही, पण वाखु (वाचनखूण) साठवली.

खटक्यावर_बोट

तिसरा पर्याय :)

चेष्टा सोड भावा. ३२७ भरून जमतंय ना? मग ३२७ ठेव. चालत्या गाडीला खीळ कशाला घालतोस?

रायफलवाली

मी स्पर्धेची माणूस, त्यामुळे थोडं वेगळं बोलते. आमच्या ५० मीटरला टेलिस्कोपच चालत नाही आणि कॅल्क्युलेटरचा संबंधच येत नाही. अंतर एकच, राउंड एकाच लॉटचे, झिरो रोजचा. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तिथं डोकं खातो तो वारा. आडवा वारा ताशी ११ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३ मीटर धरा. गोळी ५० मीटरवर साधारण दीड सेंटीमीटर सरकते. दहा गेला, नऊ पण काठावर. झेंडी बघायला शिका, ॲप नंतर.

आमच्यातल्या कित्येकांनी कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर पहिली रायफल हातात घेतली. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला जागतिक विजेत्या झाल्या, ६०० पैकी ५९७. त्या मोबाइल बघून क्लिक (नेम वर-खाली करायच्या चकतीचे टप्पे) मारत नव्हत्या.

माळावरचा_वारा

ताई, मान्य. पण ५० ला झिरो ठेवून मधेच १०० ला जायचं तर किती क्लिक फिरवायचे ते कुठून तरी कळायला हवं ना.

रायफलवाली

मारून बघायचं आणि वहीत लिहायचं. एक डबी लागते.

निवृत्त_सुभेदार

"बाकी जे आधीपासून होतं ते तसंच ठेवलं." गोम इथं आहे. काय काय होतं ते लिहा. सगळे रकाने. एकही सोडू नका.

हवेचा_हिशोबनीस

सुभेदारसाहेबांच्या आधी मी बोलून घेतो, कारण मला चूक दिसली आहे. दाब!

मोबाइलवरचा १०१० हा कोल्हापुरातला दाब नाही. हवामानाच्या अहवालात दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात, म्हणजे मुंबई, कोल्हापूर, महाबळेश्वर एका नकाशावर शेजारी ठेवून बघता येतात. उजळाईवाडीच्या विमानतळाचा अहवालही तसाच असतो. आपण साडेपाचशे मीटर वर राहतो. या उंचीपर्यंत दर नऊ मीटरला साधारण एक हेक्टोपास्कल कमी होतो. म्हणजे आपल्या अंगणातला खरा दाब ९५० च्या आसपास.

आता ॲपची गंमत. काही ॲप उंची आणि समुद्रसपाटीचा दाब असे दोन्ही घेऊन आतल्या आत वजाबाकी करतात. काहींना थेट जागेवरचा दाब लागतो आणि तो दिला की उंचीचा रकाना ती बघतही नाहीत. तुमचं दुसऱ्या जातीचं असेल तर तुम्ही कोल्हापूरची हवा अलिबागच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवलीत, सहा टक्के दाट. आणि उलटंही होतं. एखादा सेन्सरवरचा ९५० भरतो आणि वर ५५० मीटर उंचीही भरतो. मग ॲप दुसऱ्यांदा वजा करतं आणि गोळी जणू एखाद्या डोंगरमाथ्यावर उडते.

त्यामुळे पहिल्यांदा दाब दुरुस्त करा. बाकी सगळं नंतर.

खटक्यावर_बोट

जागेवरचा दाब म्हणजे स्टेशन प्रेशर ना? आमच्या कोल्हापूर स्टेशनवर प्रेशर फक्त महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटताना असतं.

पेठेतला_पाहुणा

दाबाबरोबर आर्द्रतापण बघा. पावसाळ्यात कोल्हापुरात हवा इतकी दमट असते की गोळीला पाण्यातून पोहत गेल्यासारखं होत असणार. दमट हवा जड, म्हणून गोळी जास्त खाली.

हवेचा_हिशोबनीस

उलटं आहे पाहुणे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनची जागा घेते आणि पाण्याचा रेणू त्यांच्यापेक्षा हलका. आपल्याला घाम येतो म्हणून जड वाटते, एवढंच. फरक इतका किरकोळ असतो की त्या रकान्यात ५० टाकून विसरून गेलात तरी कुणाचं काही बिघडत नाही.

पेठेतला_पाहुणा

बघतो. पटलं नाही, पण बघतो.

टेक्सासातला_कोल्हापूरकर

हिशोबनीस, दाबाचं तत्त्व शंभर टक्के बरोबर. पण १०० मीटरला .२२ च्या गोळीवर त्याचा फरक किती पडतो हेही सांगा की. मी आत्ता मांडून बघितलं. सहा टक्के दाट हवेनं जास्तीत जास्त तीन मिलिमीटर. याचा घोळ अडीच सेंटीमीटरचा आहे. दाबाच्या डोक्यावर एवढं पाप घालू नका. मी इथं हजार यार्डांवर मारतो, तिथं हीच चूक फूटभरापेक्षा जास्त पडते. तिथं दाब म्हणजे देव.

माझी स्वतःची फजिती सांगतो. .३०८ ची १७५ ग्रेनची गोळी. तिचा बीसी जी-सेव्हनमध्ये ०.२४३, जी-वनमध्ये ०.५०५. गोळी तीच, मोजायची मापं दोन. जी-वनचा नमुना म्हणजे सपाट बुडाची बुटकी गोळी, जी-सेव्हनचा लांब, निमुळत्या बुडाची. मी ०.२४३ हा आकडा भरला, पण शेजारचं बटण जी-वनवरच राहिलं. ॲपला वाटलं हा बटाटा फेकतोय. ३०० मीटरला त्यानं सांगितलं तेवढे क्लिक मारले आणि गोळ्या पंधरा-एक सेंटीमीटर वर. टेलिस्कोप सैल झालाय म्हणून मी अर्धा दिवस स्क्रू आवळत बसलो होतो! शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं मोबाइल हातात घेतला, बटण बदललं आणि एक शब्द न बोलता परत दिला.

.२२ च्या गोळीला जी-वनच बरोबर, तेव्हा धागाकर्त्याची ही चूक नाही. वेगाचं म्हणाल तर आमच्याकडं सरळ पद्धत आहे: गोळी कुठं पडली ते ॲपला सांगायचं, ते आपणच वेग बदलून घेतं. तसं करून टाका.

निवृत्त_सुभेदार

टेक्सासवाले, तो सल्ला आत्ता देऊ नका. क्रोनोग्राफनं ३१२ दाखवला. तुमच्या पद्धतीनं ॲप परत ३२७ च्या जवळ जाऊन बसेल. म्हणजे जो एकच आकडा या गड्यानं स्वतः मोजलाय, तोच खोडायचा?

मी यादीची वाट बघतोय.

टेक्सासातला_कोल्हापूरकर

पटतंय. बाकी सगळं तपासलेलं असेल आणि लांबच्या अंतरावर मारलेलं असेल, तरच ती पद्धत. घाई झाली.

छऱ्याची_बंदूक

मधे विचारतो, रागावू नका. माझ्याकडं साधी छऱ्याची बंदूक आहे, १७७ ची. तिला चालतं का हे ॲप? गच्चीवर डबे उडवतो.

रायफलवाली

१० मीटरला गरज नाही. त्याच्या पुढं चालतं, पण छऱ्याचा बीसी फार छोटा, ०.०२ च्या आसपास. ०.२ भरलात तर छरा गगनबावड्यापर्यंत जाईल (ॲपमध्ये). आणि गच्चीवर मागं भिंत आहे का? डब्याला लागून उडालेला छरा शेजाऱ्याच्या सोलरला लागला की ॲप मदतीला येत नाही.

सगळ्यांनाच सांगते, कारण धाग्यावर "माळावर जाऊन बघतो" म्हणणारा कुणीतरी येतोच: लायसन्सची रायफल रेंजवरच. माळावर, उसात, डोंगरात चाचणी करायची नसते. .२२ ची गोळी दीड किलोमीटर जाते.

छऱ्याची_बंदूक

भिंत आहे ताई. पण सोलर पण आहे. बंद करतो.

गुळाची_ढेप

उसात चाचणी केली तर आमचा गूळ शिश्याचा होईल. :(

माळावरचा_वारा

सुभेदारसाहेब, घ्या यादी. मी न भरलेले रकाने:

साइट हाइट, १.५ इंच. झिरोच्या वेळचं तापमान, १५. झिरोच्या वेळचा दाब, १०१३. ट्विस्ट (नळीतल्या आट्यांचा पीळ), १२ इंच. एक क्लिक, पाव एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग). उतार शून्य. वारा शून्य. गोळीचा व्यास ०.३०८ (हा कुठून आला?). अंतराचं एकक मीटर.

व्यास आणि ट्विस्ट बदलून बघितले, उत्तर हललं नाही.

निवृत्त_सुभेदार

नाही हलणार. व्यास आणि ट्विस्ट हे गोळीच्या फिरण्याचा हिशोब मांडायला लागतात, त्याचा परिणाम लांबवर. पण दुरुस्त करून ठेवा. .२२ ला बहुतेक १६ इंचाला एक फेरा असतो.

आता साइट हाइट. दीड इंच कुणी मोजला? ॲप बनवणाऱ्यानं. त्यानं तुमची रायफल बघितलीय का?

नीट ऐका. टेलिस्कोपची नजर एक सरळ रेघ. नळी त्याच्या खाली. ५० ला झिरो केला म्हणजे खालून निघालेली गोळी ५० मीटरवर त्या रेघेला येऊन भेटते. टेलिस्कोप जितका उंच, तितकं नळीचं तोंड वर करावं लागतं. तुम्ही उंची कमी सांगितली की ॲपला वाटतं नळी कमी चढलीय. ५० पर्यंत गाठ पडलेली असते, तिथून पुढं दोन रेघा उघडत जातात. ५० ला झिरो आणि १०० ला मारायचं असेल तर हिशोब तोंडपाठ करा: उंचीत जेवढी चूक, तेवढीच चूक टार्गेटवर. १५० ला दुप्पट.

तुमची गोळी ॲपपेक्षा अडीच सेंटीमीटर वर लागतेय. म्हणजे तुमचा टेलिस्कोप दीड इंचावर नाही, अडीच इंचावर आहे. मी रायफल बघितली नाही, पण पैज लावतो.

खटक्यावर_बोट

जाळ अन् धूर संगटच! सुभेदारसाहेबांनी फोटो न बघता टेलिस्कोप मोजला.

हवेचा_हिशोबनीस

थांबा. मग पहिल्यांदा उत्तर बरोबर कसं आलं? तेव्हाही उंची चुकीचीच होती.

निवृत्त_सुभेदार

वेगही चुकीचा होता. वेग जास्त सांगितला, त्यानं ॲपची गोळी अडीच सेंटीमीटर वर गेली. उंची कमी सांगितली, त्यानं अडीच खाली आली. दोन चोरांनी एकमेकांची साक्ष दिली आणि कोर्टानं सोडून दिलं. क्रोनोग्राफनं एक चोर पकडल्यावर दुसरा उघडा पडला.

हवेचा_हिशोबनीस

मांडून बघितलं. अगदी तसंच येतंय. आणि १०० च्या पुढं ही जोडी टिकत नाही. १५० ला त्याच चुकीच्या आकड्यांनी ॲप जवळजवळ तीन सेंटीमीटरनं गंडलं असतं. उंचीची चूक सरळ रेषेत वाढते, वेगाची त्यापेक्षा भराभर.

दाबाचा आग्रह मागे घेतो. (पण दुरुस्त करा.)

गुळाची_ढेप

आता जरा जरा कळायला लागलंय. भीती वाटतेय.

उद्यमनगरी

ही उंची मोजायची कशी ते कुणी सांगेना. आमचं शॉप शिवाजी उद्यमनगरात, रोज मिलिमीटरचे शंभर भाग करतो, म्हणून सांगतो. टेलिस्कोपवर पट्टी उभी धरून डोळ्यानं अंदाज घेऊ नका. नळीचा मध्य हवेत असतो, त्याला पट्टी लागत नाही.

व्हर्नियर घ्या. रायफल आधी रिकामी, बोल्ट बाहेर. एक, टेलिस्कोपच्या ट्यूबचा बाहेरचा व्यास घ्या, निम्मा करा. दोन, बरोबर त्याच्याखाली नळीचा बाहेरचा व्यास घ्या, निम्मा करा. नळी पुढं निमुळती होते, म्हणून जागा तीच पाहिजे. तीन, दोघांच्या मधली फट. तिन्हींची बेरीज. भिंगाच्या फुगीर तोंडाशी मोजू नका, सरळ ट्यूबवर मोजा. व्हर्नियर नसेल तर शनिवारी दुपारी शॉपवर या. रायफल घेऊन येऊ नका हां, गल्ली गोळा होईल. फटीत बसेल असा तार-खिळा कापून आणा, मी मापून देतो.

माळावरचा_वारा

मोजलं. शेजारच्या लेथवाल्याकडनं व्हर्नियर आणला. ट्यूब ३० ची, निम्मी १५. नळी त्या जागी २२, निम्मी ११. फट ३७. एकूण ६३ मिलिमीटर.

अडीच इंच म्हणजे ६३.५. सुभेदारसाहेब, साष्टांग.

माझी मान लांब आहे, गाल टेकल्यावर नजर पोचत नव्हती म्हणून उंच रिंगा लावल्या होत्या. विसरूनच गेलो होतो!

निवृत्त_सुभेदार

साष्टांग नको. खात्री करा. आणि त्यासाठी चार तास गाडी मारू नका. आपल्या जवळच्या रेंजवर २५ मीटरला कागद लावा.

२५ ला वेगाचा फरक जेमतेम तीन मिलिमीटर पडतो, उंचीचा मात्र बारा. दीड इंच धरला तर ॲप म्हणेल गोळी २५ ला दीड सेंटीमीटर वर लागेल. खरी उंची ६३ असेल तर जवळजवळ नेम धरला तिथंच लागेल. कागदावर साध्या डोळ्यांनी दिसेल. वेग तपासायचा तर लांब जा, उंची तपासायची तर जवळ या.

रायफलवाली

हे भारी आहे. हे मी पोरांना दाखवणार.

टेक्सासातला_कोल्हापूरकर

आणखी एक. ॲप सेंटीमीटरचे क्लिक करून देतं, पण तुमच्या टेलिस्कोपचा क्लिक खरंच पाव एमओए आहे का? एक एमओए १०० मीटरला २९ मिलिमीटर. काही कंपन्या १०० यार्डांना एक इंच धरतात, जवळपास पाच टक्के कमी. आणि मिलवाला (मिल हे कोनाचं दुसरं माप) टेलिस्कोप असेल तर क्लिकला १०० मीटरवर बरोबर एक सेंटीमीटर.

मी टार्गेटवर उभी रेघ मारून खालच्या ठिपक्यावर नेम धरतो आणि क्लिक फिरवून गोळ्या किती वर चढल्या ते टेपनं मोजतो.

उद्यमनगरी

उभी रेघ हातानं मारू नका, ओळंबा सोडा. गवंड्याकडं मिळतो, नाहीतर दोऱ्याला नट बांधा. टेलिस्कोप तिरका बसला असेल तर गोळ्या ओळंब्याला धरून न चढता एका अंगाला सरकत जातील, तेही त्यातच कळेल.

५० मीटरवर ६० क्लिक, पावच्या हिशोबानं १५ एमओए, म्हणजे २१८ मिलिमीटर चढायला पाहिजेत. २०८ आले तर तुमचा इंचवाला आहे.

पेठेतला_पाहुणा

अंतर पण मोजून घ्या. बऱ्याच जुन्या रेंजा यार्डात आखलेल्या आहेत आणि बोर्ड मात्र मीटरचा. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. आणि हो, आर्द्रतेचं बघितलं. हिशोबनीस बरोबर होते.

खटक्यावर_बोट

पेठेतल्या माणसानं चूक कबूल केली. संपादक, धागा वर चिकटवा!

गुळाची_ढेप

अवांतर: आपला स्वप्निल कुसाळे पण हेच ॲप वापरतो का?

रायफलवाली

अहो ढेप, वरती लिहिलं ना. ५० मीटरला पीप साइट, टेलिस्कोप नाही. कांबळवाडीचा पोरगा, राधानगरी तालुक्यातला, २०२४ ला पॅरिसला थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ मारून कांस्य आणलं. गुडघ्यावर, झोपून, मग उभं राहून. १९५२ च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी आणलं होतं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक. ते कांस्य, हेही कांस्य. फायनल बघताना आमच्या घरी दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही.

हवेचा_हिशोबनीस

अवांतरावर अवांतर. म्युनिक समुद्रसपाटीपासून साधारण ५२० मीटरवर आहे. आपण साडेपाचशे. म्हणजे तेजस्विनीताईंना २०१० ला घरचाच दाब मिळाला.

खटक्यावर_बोट

झालं. हिशोबनीस सुवर्णपदकात पण दाब घेऊन आले.

रायफलवाली

५० मीटरला त्याचा फरक शून्य आहे हो. पण वाक्य आवडलं.

माळावरचा_वारा

रविवारी सकाळी जाऊन आलो. आधी २५ मीटर. ॲपमध्ये उंची ६३, वेग ३१२, दाब ९५० आणि उंचीचा रकाना रिकामा, हिशोबनीस खूश. ॲप म्हणालं तीन मिलिमीटर वर. पाच राउंड, एकच भोक पडलं जरा लांबट, मध्य दोन ते तीन मिलिमीटर वर. दीड सेंटीमीटर वर काहीच नाही.

मग ओळंबा. बायकोच्या शिवणाच्या दोऱ्याला उद्यमनगरीसाहेबांचा नट. ५० मीटरवर ६० क्लिक, तीन-तीन राउंड. चढले २१६. म्हणजे पाव एमओएच, इंचवाला नाही. पण ग्रुप ओळंब्याच्या उजवीकडं सहा-सात मिलिमीटर गेलाय. टेलिस्कोप थोडा तिरका बसलाय वाटतं.

पुढच्या महिन्यात १०० ला जातो, पण आता ॲप साडेतेवीसच म्हणतंय. यावेळी खरे आकडे भरून.

उद्यमनगरी

२१८ मध्ये सात म्हणजे दोन अंशाच्या आत-बाहेर. वारा नव्हता ना? नसेल तर रिंगा सैल करून, ओळंब्याकडं बघत उभी तार जुळवून परत आवळा. चारी स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून, पोरगं चाकाचे नट आवळतं तसे. आणि माझा नट परत पाहिजे.

टेक्सासातला_कोल्हापूरकर

रिंगा परत बसवल्या की झिरो परत घ्यायचा आणि उंची परत मोजायची. विसरू नका.

निवृत्त_सुभेदार

उत्तम. वहीत काय काय लिहिलं?

माळावरचा_वारा

राउंडचा लॉट नंबर, अंतर, क्लिक, ग्रुप, वारा बंद.

निवृत्त_सुभेदार

तापमान?

माळावरचा_वारा

...सकाळी थंडी होती साहेब. १७ असेल. नाहीतर १९.